दम

मी ला पाझच्या पालिकेत मसुदे टंकतो.
धोरण कुणाचंही असो, स्वल्पविराम माझे असतात.
खिडकीतून केबलकारचे पिवळे पाळणे दिसतात,
वर जाणारे, कसलाही आवाज न करता.

त्या वर्षी नर्स नेली तारकी एक वही घेऊन आली,
चौकोनी रेघांची, शाळेतली, कोपरे दुमडलेले.
म्हणाली, माणसं कुठे थांबतात ते यात आहे.
कुठे म्हणजे?
जिन्यावर.

आमच्याकडे वरच्या वस्त्यांत गल्ली म्हणजे जिनाच.
तिच्या दवाखान्यापर्यंत तीनशे बारा पायऱ्या,
आणि दवाखाना वरच्या टोकाला.
आजारी असताना चढायचं, बरं वाटलं की उतरायचं.
हे कुणी ठरवलं ठाऊक नाही.
जागा स्वस्त मिळाली, एवढंच फायलीत आहे.

दर गुरुवारी ती खडू घेऊन बसे.
सुतार क्रिसोस्तोमो: एकशे दहावी पायरी, भिंतीला हात.
ढग बघतोय असं दाखवतो.
लियोनार्दा, सातवा महिना: खाली बसली. पायरी ओली होती.
दोन्या उम्बेलिना: चाळिसावी, एकाहत्तरावी,
मग दर नऊ पायऱ्यांनी.
पान उलटलं की: उम्बेलिना आली नाही.
पुन्हा: आली नाही.
पुढच्या पानावर तिचं नाव, आणि पुढे काहीच नाही.

मागणी अकरा बाकांची होती.
पाठ हवी, आणि हात हवेत,
बसण्यापेक्षा उठणं अवघड असतं म्हणून.

आरोग्य आमच्या मसुद्यात सत्तेचाळिसाव्या पानावर येतं:
लसी, भटकी कुत्री, बाजारातलं मांस.
रस्ते सहाव्या पानावर.
जिने यात नाहीत, त्यातही नाहीत.
जिने 'पर्यटन व सौंदर्य' या सदराखाली,
भित्तिचित्रांच्या शेजारी.

अध्यक्षबाई म्हणाल्या, जरा दम धरा, पुढच्या वर्षी बघू.
खजिनदारानं तर जवळजवळ दमच दिला.
नेली वही मिटत म्हणाली,
इथे दम एकजण धरायला सांगतं, एकजण देतं,
उम्बेलिनाला तो फक्त पुरायला हवा होता.
कुणी हसलं नाही.
मी इतिवृत्तात ते लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं.

रविवारी एकटाच गेलो.
माझा जन्म याच उंचीवरचा,
दम लागला की मला लाज वाटते.
एकशे दहाव्या पायरीशी भिंत
हाताच्या उंचीला काळी, गुळगुळीत, तेलकट.
हे सर्वेक्षण आमच्याआधी पन्नास वर्षं चालू होतं.
मीही हात ठेवला. ढग बघितले.

सोमवारी मी एवढंच केलं:
जिने पर्यटनातून उचलले आणि रस्त्यांत टाकले.
'गल्ल्या' या शब्दानंतर एक स्वल्पविराम, मग 'जिने'.
रस्त्याला ठरावीक अंतरावर थांबा हवा,
हा नियम जुनाच आहे, बसगाड्यांसाठी केलेला.
मंजुरीला चार मिनिटं लागली.
सहावं पान कुणी वाचत नाही,
सगळे आपापल्या वस्तीचं नाव शोधतात.

पैसे आले ते चारांचे.
बाक चार, बाकी सात.
त्यातला एक कंत्राटदारानं भिंतीकडे तोंड करून बसवला,
नकाशा उलटा धरला असणार.
तिथे बसायचं म्हणजे गुडघे भिंतीला टेकतात.
एका रात्री क्रिसोस्तोमोनं बोल्ट सोडवून तो फिरवला.
सार्वजनिक मालमत्तेशी छेडछाड, अशी नोटीस निघाली.
नोटीस मीच टंकली.
पत्ता जरा चुकला.

आता लियोनार्दा बाळाला अग्वायोत बांधून येते,
दुसऱ्या बाकावर त्याला पाजते, मग पुढे.
खजिनदाराची आईही याच जिन्यानं जाते म्हणे,
खरं-खोटं नेलीनं सांगितलं नाही,
वहीत नावं असतात, नाती नसतात.

उरलेल्या सात ठिकाणी अजून खडूच आहे.
पाऊस येऊन जातो.
गुरुवारी ती परत रेघ ओढते,
आणि वाकून उठताना
तिलाही आता
भिंत लागते.